बाहुली मोठी करण्याचे थेंब आणि घरापर्यंतचा प्रवास



आमच्या नेत्रविभागात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला डॉक्टरांची भेट होण्यापूर्वी नोंदणीच्या खिडकीवरच एक प्रश्न विचारला जातो : "घरी कसे जाणार? सोबत कोण आहे?" पुष्कळांना हा प्रश्न औपचारिक वाटतो. काहींना तो अनाठायी वाटतो, तर क्वचित कोणी रागावूनही विचारतात की, डोळे दाखवायला आलो आहोत, सोयरीक जुळवायला नव्हे. या प्रश्नामागे कोणता विचार आहे, तो तपासणीच्या अगोदरच का विचारावा लागतो आणि त्याच्या उत्तराशी रुग्णाची दृष्टी कशी निगडित आहे, हे विशद करण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. आम्ही रुग्णालयाचा कारभार पाहणारी माणसे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. लेखातील वैद्यकीय माहिती आम्ही आमच्या नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेतली आहे. हिशेबाची बाजू मात्र आमची आहे.

थेंब का घालावे लागतात?

डोळ्याच्या मध्यभागी दिसणारा काळा ठिपका म्हणजे बाहुली. ती वस्तुतः एक छिद्र आहे. या छिद्रातून प्रकाश आत शिरतो आणि डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलावर पडतो. मधुमेहाने होणारी हानी, रक्तस्राव, दृष्टिपटल सुटणे, काचबिंदूमुळे दृष्टिचेतेची झालेली झीज हे सारे विकार या मागच्या भागात असतात. डॉक्टरांनी आत पाहण्यासाठी प्रकाश टाकला की बाहुली स्वभावतःच आकुंचन पावते. बंद होत चाललेल्या किलकिल्या दारातून संपूर्ण माजघर पाहावे, तशी ही अडचण आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली डोळ्याच्या आतील भाग पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले. तेव्हापासून आजतागायत, दृष्टिपटल कडेपर्यंत नीट पाहावयाचे असल्यास औषधाने बाहुली मोठी करणे हाच खात्रीचा मार्ग राहिला आहे. थेंब न घालता दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणारे कॅमेरे आता उपलब्ध आहेत व प्राथमिक चाळणीसाठी ते उपयुक्तही आहेत. परंतु त्यात प्रामुख्याने मधला भाग येतो, आणि बाहुली लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर चित्र अंधुक येते.

या तपासणीचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे. आय.सी.एम.आर.-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता भारतात दहा कोटींहून अधिक व्यक्तींना मधुमेह आहे. मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा सुरुवातीस दुखत नाही, खुपत नाही आणि बहुधा दृष्टीही कमी करीत नाही. रुग्णाला जाणवू लागते तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून साधारणतः वर्षातून एकदा थेंब घालून तपासणी करून घ्यावी, असा सल्ला मधुमेही व्यक्तींना दिला जातो.

थेंबांनी नेमके काय होते?

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात दोन प्रकारचे स्नायू असतात. एक बाहुली आवळतो, दुसरा ती ताणून मोठी करतो. ट्रॉपिकामाइड हे औषध आवळणाऱ्या स्नायूला तात्पुरते शिथिल करते. फिनाइलएफ्रिन हे ताणणाऱ्या स्नायूला चेतवते. आपल्याकडे ही दोन्ही औषधे पुष्कळदा एकाच बाटलीत मिसळलेली असतात. थेंब घातल्यानंतर सुमारे अर्ध्या तासात बाहुली पुरेशी मोठी होते. आपल्या लोकांचे डोळे बहुधा गडद रंगाचे असतात, आणि गडद डोळ्यांतील रंगद्रव्य औषध धरून ठेवते. त्यामुळे परिणाम दिसावयास वेळ लागतो व ओसरावयासही. परिचारिका दोन-तीन वेळा थेंब घालते त्याचे कारण हे आहे; त्यात विसरभोळेपणा नसतो.

आता थोडे गणित. उजेडात बाहुलीचा व्यास तीन मिलिमीटर आहे आणि औषधाने तो सात मिलिमीटर झाला असे धरू. व्यास दुपटीहून थोडा अधिक वाढला, परंतु प्रकाश क्षेत्रफळाच्या प्रमाणात आत शिरतो. तीनाचा वर्ग नऊ, साताचा एकोणपन्नास. म्हणजे पूर्वीच्या पाचपटीहून अधिक प्रकाश डोळ्यात जातो. एरवी ऊन वाढले की बाहुली आपोआप लहान होते. या काही तासांत ती तसे करू शकत नाही. त्यामुळे ऊन, वाहनांचे दिवे, पत्र्यावरची चकाकी या सर्वांनी डोळे दिपतात.

दुसरा परिणाम जवळच्या दृष्टीवर होतो. जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणारा स्नायूही याच औषधाने काही काळ सैल पडतो. तरुण व्यक्तीस त्यामुळे हातातील अक्षरे पुसट दिसतात. पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांची ही क्षमता वयोमानाने आधीच कमी झालेली असते. त्यांना दिपण्याचाच त्रास अधिक होतो.

हा परिणाम किती वेळ टिकतो, हे औषधावर अवलंबून असते. ट्रॉपिकामाइडचा परिणाम बहुधा चार ते आठ तासांत ओसरतो, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो. लहान मुलांच्या चष्म्याचा नंबर काढण्यासाठी वापरले जाणारे सायक्लोपेन्टोलेट सुमारे एक दिवस टिकते. ॲट्रोपिनचा परिणाम आठवडा ते दोन आठवडेही राहू शकतो. ॲट्रोपिनशी आपल्या शेतकऱ्यांचा परिचय वेगळ्या वाटेने आहे. बांधावरच्या धोत्र्यात याच जातीची द्रव्ये असतात, आणि धोत्रा उपटलेला हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होऊन दृष्टी पुसट झाल्याचा अनुभव येऊ शकतो. औषध या दृष्टीने किती प्रभावी आहे हे यावरून ध्यानात यावे. उरलेल्या बाटलीतील थेंब घरी दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात कदापि घालू नयेत.

परतीचा परिणाम लवकर व्हावा म्हणून दुसरे औषध नाही काय, असे अनेक जण विचारतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली फेन्टोलामाइनच्या थेंबांना अशा उपयोगासाठी मान्यता दिली आहे. परंतु त्या थेंबांनीही डोळा तत्काळ पूर्ववत होत नाही. काही वेळ जावाच लागतो. तेव्हा घरापर्यंतच्या प्रवासाचा विचार टळत नाही.

वाट कशी आहे?

आमच्याकडे येणारे बरेचसे रुग्ण सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळी या डोंगरी तालुक्यांतील आहेत. ही गावे रुग्णालयाच्या पश्चिमेस आहेत. सकाळी दहाच्या सुमारास थेंब घातले, बाराच्या आत तपासणी झाली, औषधे घेतली, दोन घास खाल्ले आणि दुपारची एस.टी. धरली, तर संपूर्ण परतीचा प्रवास मावळतीकडे कललेल्या उन्हाला तोंड देत होतो. आणि नेमका तोच काळ औषधाचा परिणाम भरात असण्याचा असतो. गाडीच्या खिडकीत बसणाऱ्यालाही हा त्रास होतो. मग दुचाकीवर बसून घाटाची वळणे घेणाऱ्याची काय कथा? साखर कारखान्यांच्या हंगामात रस्त्याच्या कडेने उसाने भरलेल्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. त्या दिपलेल्या डोळ्यांना ऐन वेळी दिसत नाहीत.

शिवाय प्रवास एस.टी. थांब्यावर संपत नाही. फाट्यावर उतरून वडापने पुढे जावयाचे, तेथून वाडीपर्यंत पायवाट उतरावयाची. बांधावरची पायरी, ओढ्यातील दगड, गोठ्याचा उंबरा यांची खोली या दिवशी नीट अजमावता येत नाही. साठी-सत्तरीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर डोळ्यांची तपासणी बाजूला राहते आणि सारे घर अंथरुणाशी बांधले जाते.

"सोबत नाही, तर थेंब नकोत"

या अडचणींतून एक वेगळाच धोका उभा राहतो आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा आहे. रुग्ण घरी कसे जायचे या चिंतेने तपासणीच नाकारतो. जावळीकडील एक भगिनी, शिवणकाम करून संसार चालविणाऱ्या, मधुमेहाच्या रुग्ण. त्या दोनदा आल्या. दोन्ही वेळा "आज सोबत नाही, थेंब नकोत, नुसता नंबर काढून द्या" असे म्हणून चष्म्याची चिठ्ठी घेऊन परतल्या. त्यांचा विचार अवाजवी नव्हता : यजमान मुंबईस माथाडी कामगार, मुलगी शाळेत, आणि शेजारणीला एक दिवस थांबवायचे म्हणजे तिचा रोज बुडवायचा. तिसऱ्या खेपेस त्याच शेजारणीला घेऊन त्या आल्या, थेंब घातले गेले आणि दोन्ही दृष्टिपटलांवर मधुमेहाची इजा आढळली. लेझर उपचार सुरू झाले. त्या आजही शिवणयंत्रावर बसतात. सुईत दोरा मात्र मुलीकडून ओवून घेतात. सोबतीला माणूस मिळणे वा न मिळणे यावर त्यांची दृष्टी किती अवलंबून होती, हे सांगण्यास यापेक्षा अधिक शब्दांची गरज नाही.

सोबतीचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवतात की, खतावणीत न दिसणारा खर्चही खर्चच असतो. समजा, शिबिरात तपासणी विनामूल्य झाली. रुग्णाचा रोज ४०० रुपये बुडाला, सोबत्याचा तेवढाच बुडाला, जाण्यायेण्याचे भाडे व चहापाणी मिळून २०० रुपये झाले. म्हणजे 'विनामूल्य' तपासणी त्या घराला १,००० रुपयांना पडली, आणि त्यातील निम्म्याच्या आसपास रक्कम केवळ सोबतीपोटी गेली. तपासणी विनामूल्य असली तरी ती फुकट नसते, हे दानशूर मंडळींनी ध्यानात घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

यातील काही भार शासनाच्या सवलतींनी हलका झाला आहे. एस.टी.मध्ये २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना विनामूल्य, तर २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. ऐंशी वर्षांच्या आजीसोबत सून आली तर दोघींचे मिळून जाण्याचे भाडे अर्ध्या तिकिटात भागते. परंतु या सवलती वडापला लागू नाहीत, आणि बुडालेला रोज कोणत्याच सवलतीत बसत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवल्या जातात. तो नियम खाटेचा आहे. थेंब घालून तासाभरात बाहेर पडणाऱ्या रुग्णाला खाट नको असते, हात धरणारे माणूस हवे असते.

रुग्णालयात पाळला जाणारा क्रम

या सर्वांचा विचार करून नेत्रविभागात आम्ही पुढील क्रम ठेवला आहे.

एक : सोबतीचा प्रश्न खिडकीवर विचारला जातो व उत्तर केसपेपरवर लिहिले जाते. शेवटची सोयीची गाडी किती वाजता आहे, हेही नोंदविले जाते. लांबच्या गावांतील रुग्णांचे थेंब प्रथम घातले जातात.

दोन : कागद आधी, थेंब नंतर. संमतिपत्रावरील सही, पैशांचा भरणा व पुढील तारखेची चिठ्ठी हे सारे थेंबांपूर्वी आटोपले जाते. अक्षरे पुसट दिसणाऱ्या माणसाची सही घेणे योग्य नव्हे.

तीन : रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू यांविषयी विचारणा केली जाते व डॉक्टर डोळ्याचा पुढील भाग पाहूनच थेंबांची अनुमती देतात. फिनाइलएफ्रिनमुळे रक्तदाब वाढू शकत असल्याने ही दक्षता आवश्यक असते.

चार : एकटा आलेला रुग्ण स्वतः दुचाकी चालवत आला असेल, तर घरचे कोणी येईपर्यंत त्यास बसवून ठेवण्यात येते किंवा तपासणीसाठी दुसरा दिवस दिला जातो. डॉक्टरांना तातडीचे वाटल्यास मात्र तपासणी त्याच दिवशी होते आणि सोबतीची तजवीज आम्ही करतो.

कुटुंबीयांनी काय करावे?

येताना काळा चष्मा असल्यास आणावा. नसल्यास रुंद काठाची टोपी, छत्री किंवा डोक्यावरून पुढे ओढलेला पदरही पुष्कळ काम करतो. गाडीत शक्यतो उन्हाच्या विरुद्ध बाजूस बसावे. चढता-उतरताना सोबत्याने एक पायरी पुढे राहून हात द्यावा. सुट्टे पैसे मोजणे, फाट्यावर गाडीची पाटी वाचणे व फोन लावणे ही कामे सोबत्याने करावीत. एकाच डोळ्यात थेंब घातले असले तरी गाडी चालवू नये, कारण दोन डोळ्यांना वेगवेगळे दिसू लागले की अंतराचा अंदाज चुकतो.

मधुमेही रुग्णांनी या तपासणीसाठी उपाशी येऊ नये. नेहमीची औषधे व डबा सोबत आणावा. त्या दिवशी संध्याकाळी इन्शुलिन घ्यावयाचे असल्यास सिरिंजवरील बारीक रेघा रुग्णाने स्वतः वाचू नयेत. घरातील नीट दिसणाऱ्या व माहितगार व्यक्तीने मात्रा भरून द्यावी. गोळ्यांची पाकिटेही दुसऱ्या कोणी वाचून द्यावीत. चूल, विळी आणि कडबा कापण्याचे यंत्र यांपासून त्या दिवसापुरते दूर राहावे. लहान मुलास ॲट्रोपिनचे मलम दिले असल्यास शाळेत शिक्षकांना कळवावे. मुलाचा चेहरा लाल होऊन अंग तापले, तोंड कोरडे पडले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर औषध थांबवून त्वरित संपर्क साधावा.

दिपणे व पुसट दिसणे हे अपेक्षित आहे. त्याने घाबरू नये. परंतु घरी पोचल्यावर डोळा तीव्रतेने दुखू लागला, लालबुंद झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, डोके ठणकून उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये. काही व्यक्तींच्या डोळ्यांत द्रव वाहून जाण्याची वाट जन्मतःच अरुंद असते. क्वचित प्रसंगी बाहुली मोठी झाल्याने ती बंद होऊन डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. वेळेवर उपचार झाल्यास दृष्टी वाचते. हा प्रसंग विरळा आहे. मात्र त्याची लक्षणे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत.

समारोप

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री, शिबिरे यांसाठी आपण आजवर उदार हस्ते साहाय्य केले आहे. त्याच आत्मीयतेने या छोट्या खर्चाकडेही पाहावे, असे आम्ही सुचवितो. एका सोबत्याचा एका दिवसाचा रोज, एक परतीचे भाडे किंवा एक काळा चष्मा, एवढीच ही देणगी असते. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. परतीच्या तिकिटावर ते कोरता येत नाही. तथापि थेंबांना नकार देऊन निघालेला एक रुग्ण त्या तिकिटामुळे तपासणीच्या खोलीत परत आला, तर त्या देणगीचे मूल्य यंत्राहून कमी ठरत नाही. गावोगावच्या महिला बचत गटांनी व तरुण मंडळांनी आठवड्यातील एक दिवस सोबतीसाठी वाटून घेतला, तर पैशांचीही फारशी गरज भासणार नाही.

केसपेपरवर डॉक्टरांची सही झाली म्हणजे तपासणी संपली, असे आमचे दप्तर सांगते. आमच्या दृष्टीने रुग्ण आपल्या घराचा उंबरा सुखरूप ओलांडतो तेव्हा ती संपते. तोवरची वाट सोबतीने चालण्यात आपण सर्वांनी आमचे भागीदार व्हावे, ही विनंती.